घाट चढलेली तार आणि शेवटचा मैल

१/ मुंबई आणि पुणे यांच्या दरम्यान तार आगगाडीच्या आधी घाट चढली. १ फेब्रुवारी १८५५ रोजी हिंदुस्थानातील तारसेवा सर्वसामान्यांसाठी खुली झाली, तेव्हा मुंबईहून मद्रासकडे जाणारी तार पुण्यावरून जात होती. बोरघाटातील लोहमार्गाचे काम सुरू झाले १८५६ मध्ये आणि त्यावरून गाडी धावली १८६३ मध्ये.

२/ म्हणजे संदेशवहनाच्या मुख्य मार्गावर मावळ तालुका गेली सुमारे १७० वर्षे आहे. असे असूनही रेल्वेमार्गापासून काही किलोमीटर आत शिरताच घरातील इंटरनेट रखडते. या कोड्याचे उत्तर यंत्रात कमी आणि इतिहासात अधिक सापडते. त्याचा हा थ्रेड. 🧵

३/ मुळात मावळ हा वाटांचा प्रदेश. कार्ले आणि भाजे येथील लेणी कोकणातून देशावर जाणाऱ्या व्यापारी मार्गालगत कोरली गेली. राजमाची, लोहगड, विसापूर या किल्ल्यांचे महत्त्वही याच मार्गामुळे. वाटेवरून जाणारा माल मात्र बहुधा दुसऱ्या कोणाचा असे; मावळच्या वाट्याला राखण आणि चढण येई.

४/ तारेचेही तेच झाले. तिचे पहिले ग्राहक सरकार, लष्कर, रेल्वे आणि कापसाचे व्यापारी. खांब मावळातून गेले; पण नाणे मावळातील किंवा पवन मावळातील शेतकऱ्याच्या दृष्टीने ती डोक्यावरून जाणारी वस्तू होती. मधल्या गावात तार उतरवायची, तर तेथे कार्यालय हवे, तारमास्तर हवा आणि त्याचा खर्च निघेल इतके संदेश हवेत.

५/ १९१५ मध्ये हाच नमुना विजेच्या रूपाने पुन्हा दिसला. लोणावळा, वळवण आणि शिरवता येथे टाटांनी तलाव बांधले, पाणी घाटाखाली खोपोलीला सोडले आणि तेथे निर्माण झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांकडे नेली. पाऊस मावळचा, प्रकाश मुंबईचा. मोठी वाहिनी दोन टोकांसाठी बांधली जाते. मधल्या माणसाची जोडणी हा वेगळा निर्णय असतो आणि त्याला वेगळा पैसा लागतो.

६/ दूरध्वनीच्या काळात हा फरक घराघरांत जाणवू लागला. जोडणीसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादी असे. परगावी बोलायचे तर ट्रंक कॉल नोंदवून बसावे लागे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग अशा त्याच्या प्रती होत्या. जितकी घाई, तितका दर जास्त. एकाच तारेवर अनेकांची गर्दी आणि पैसे मोजणाऱ्याला अग्रक्रम, ही कल्पना इंटरनेटच्या प्लॅनपेक्षा बरीच जुनी आहे.

७/ १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सार्वजनिक इंटरनेट सेवा सुरू केली. आरंभ महानगरांतून झाला. डायल-अपचा वेग तेव्हा सेकंदाला ९.६ किलोबिट इतकाही असे. त्या वेगाने एक मेगाबाइटची फाइल उतरवायला साधारण चौदा मिनिटे लागतात. इंटरनेटचे पैसे वेगळे आणि फोनच्या पल्सचे वेगळे.

८/ १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची दारे खुली झाली आणि ‘कोणाची जोडणी घ्यावी’ हा प्रश्न प्रथमच उद्भवला. तोपर्यंत निवड अशी नव्हतीच. परवान्यांच्या श्रेणी ठरल्या : देशभरासाठी ‘अ’, एखाद्या सर्कलसाठी ‘ब’ आणि लहान क्षेत्रासाठी ‘क’. आज गावोगावी दिसणारे स्थानिक इंटरनेटवाले या व्यवस्थेतून पुढे आले. त्यांपैकी कित्येकांचा मूळ धंदा केबल टीव्हीचा. खांबांवरून घरापर्यंत वायर नेण्याची वाट त्यांना आधीच ठाऊक होती.

९/ ‘ब्रॉडबँड’ शब्दाचा सरकारी अर्थही बदलत गेला. २००४ च्या धोरणात किमान वेग २५६ किलोबिट होता, २०१३ मध्ये तो ५१२ किलोबिट झाला आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट. चौदा मिनिटांची ती फाइल या तीन वेगांनी अनुक्रमे सुमारे ३१, १६ आणि ४ सेकंदांत उतरते.

१०/ पण २००५ नंतर घरोघर आलेले ब्रॉडबँड दूरध्वनीच्या जुन्या तांब्याच्या तारेवरूनच आले. तांब्यात अंतराबरोबर वेग घटतो. एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटर पलीकडे जोडणी टिकवणेही कठीण होते. लोणावळ्याच्या पावसाळ्यात जोडांमध्ये पाणी शिरले की फोनमध्ये खरखर आणि इंटरनेट बंद. ‘पावसात नेट जाते’ ही तक्रार म्हणजे कुरकुर नव्हे. तिला भौतिक कारण होते.

११/ ऑप्टिकल फायबरने अंतराचा हा जाच बराच दूर केला. काचेतून जाणारा प्रकाश वीस किलोमीटरपर्यंत सहज पोहोचतो. रेल्वेच्या कडेने एकेकाळी तारेचे खांब गेले. २००० मध्ये स्थापन झालेल्या रेलटेलने त्याच रुळांच्या कडेने देशभर फायबर टाकले. २०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे ‘भारतनेट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेने फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचे ठरवले. ग्रामपंचायतीपासून वाडीपर्यंतचा शेवटचा मैल मात्र पुन्हा वेगळाच राहिला.

१२/ त्या मैलाची किंमत २०२० मध्ये कळली. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. शाळा आणि कचेऱ्या घरात आल्या. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ कोकण किनाऱ्यावर धडकून पुणे जिल्ह्यात शिरले आणि मावळात घरांची, पिकांची, विजेच्या खांबांची हानी झाली. वर्गच मोबाइलच्या पडद्यावर भरत असताना जोडणी तुटणे म्हणजे शाळा बुडणे होते. घरचे इंटरनेट चैनीच्या यादीतून गरजेच्या यादीत आले ते त्या वर्षी.

१३/ या इतिहासातून जोडणी निवडण्याची कसोटी मिळते. जाहिरातीतील ‘१०० एमबीपीएस’ हा मुख्य मार्गाचा आकडा. ग्राहकाला हवा असतो शेवटच्या मैलाचा. म्हणून पहिला प्रश्न : फायबर थेट घरात येते, की खांबापर्यंत फायबर आणि पुढे साधी वायर? दुसरा : त्याच खांबावरून जोडणी घेतलेल्या शेजाऱ्याला रात्री नऊ वाजता किती वेग मिळतो?

१४/ रात्री नऊचा आग्रह कशासाठी? घरगुती फायबरच्या प्रचलित पद्धतीत एका धाग्यावरचे सुमारे अडीच गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात आणि त्यामागची वाहिनी आणखी कित्येक घरांत. सगळे एकाच वेळी चित्रपट पाहू लागले की वाटा घटतो. पर्यटनाच्या गावात शनिवार-रविवारी ही गर्दी वाढली तर नवल नाही. ट्रंक कॉलच्या रांगेचेच हे नवे रूप.

१५/ दोष देण्याआधी दोष शोधावा, हा नियम येथेही लागू. लॅपटॉप राउटरला केबलने जोडून वेग मोजावा. केबलवर वेग पुरेसा आणि वायफायवर कमी असेल, तर अडथळा घरातच आहे. जाड दगडी भिंती वायफायच्या लहरी, विशेषतः ५ गिगाहर्ट्झच्या, बऱ्याच अडवतात. केबलवरही वेग कमी असेल, तर सकाळच्या आणि रात्रीच्या नोंदी ठेवून तक्रार करावी. ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट, हे गणित विसरले की चांगली जोडणीही वाईट वाटते.

१६/ डोंगराआडच्या वाडीत फायबर नसेल, तर टॉवरवरून येणारी वायरलेस जोडणी उरते. तिला टॉवर किंवा डिश समोर दिसावी लागते. अतिउच्च वारंवारितेच्या लहरी मुसळधार पावसात क्षीण होतात. म्हणून तिची परीक्षा जुलैत घ्यावी, जानेवारीत नव्हे. वर्षभराचे पैसे आगाऊ भरल्यास सूट मिळते, पण एक पावसाळा पाहिल्याशिवाय ती घेण्यात शहाणपण नाही.

१७/ वीज गेल्यावर खांबावरचे आणि घरातले यंत्र किती वेळ चालते, डेटाची मर्यादा ओलांडल्यावर वेग किती उरतो, दुरुस्तीला माणूस कोठून येतो, हेही विचारावे. कंपनी लहान असो वा मोठी, तक्रारीचा क्रमांक घ्यावा. २०१२ च्या नियमांनुसार आधी तक्रार केंद्र आणि तेथे समाधान न झाल्यास त्याच कंपनीचे अपील प्राधिकरण, असे दोन टप्पे ग्राहकाला उपलब्ध आहेत.

१८/ तार, वीज, दूरध्वनी, फायबर : चारही वेळा वाहिनी मावळातून गेली आणि चारही वेळा मावळच्या घरापर्यंत ती उशिरा वळली. ती आपोआप कधीच वळली नाही. मागणी झाली, कोणीतरी खर्च उचलला आणि स्थानिक माणसाने खांब उभे केले, तेव्हाच वळली. एकट्या घरासाठी दोन किलोमीटर फायबर टाकणे परवडत नाही. वीस घरांनी एकत्र अर्ज केला की हिशेब बदलतो. वेगवान इंटरनेट हवे असलेल्या वाडीने प्लॅनचे दरपत्रक वाचण्याआधी शेजाऱ्यांची यादी करावी.

(समाप्त)