खोटो ससो

लंडनच्या वेम्बली स्टेडियमचं नाव आमच्या घरात कुत्र्यांमुळे आलं. आजोबांचे धाकटे भाऊ बोटीवर खलाशी होते. लंडनच्या गोदीत बोट लागली की शहर पाहायला उतरायचे. म्हातारपणी वेंगुर्ल्याला परतल्यावर ते सारवलेल्या खळ्यात काठीने लांबट गोल काढायचे, आत एक चौकोन, आणि गोलाच्या कडेने काठी फिरवत सांगायचे, “हय कुत्रे धावत. फुडे खोटो ससो, विजेर धावणारो. कुत्र्याक काय म्हायत! आणि पैसे लावणारे गोरे कुत्र्यांपेक्षा येडे.”

आम्ही पोरं ही थाप म्हणून ऐकायचो, पण सगळं खरं होतं. ब्रिटिश साम्राज्याच्या प्रदर्शनासाठी हे स्टेडियम अवघ्या 300 दिवसांत बांधलं. 28 एप्रिल 1923 ला फुटबॉलचा पहिलाच कप सामना झाला आणि नोंदीनुसार सव्वा लाख, प्रत्यक्षात त्याहून कितीतरी जास्त माणूस आत घुसलं. गर्दी मैदानात उतरली. बिली नावाच्या पांढऱ्या घोड्यावरच्या पोलिसाने ती मागे रेटली तेव्हा कुठे खेळ सुरू झाला. 1925 मध्ये प्रदर्शन आवरलं आणि भोवतालच्या इमारतींबरोबर हेही भंगारात जायचं होतं. वाचवलं ते आर्थर एल्विन या माणसाने. प्रदर्शनात तो तंबाखूची टपरी चालवायचा! 1927 मध्ये त्याने स्टेडियम विकत घेतलं आणि त्याच वर्षी कुत्र्यांच्या शर्यती लावल्या. मग मोटारसायकलींच्या शर्यती, रग्बी, पुढे मुष्टियुद्धही. फुटबॉलचं देऊळ म्हणून ज्याचं कौतुक होतं, त्याची चूल पेटायची सट्ट्यावर. मला यात वावगं वाटत नाही. वर्षाकाठी चार मोठ्या सामन्यांवर एवढा पसारा कोण पोसणार?

त्याच मैदानावर 1948 चं ऑलिंपिक झालं. धावपटू झातोपेक दहा हजार मीटर धावला ते इथेच. दोन मुलांची आई असलेल्या फॅनी ब्लँकर्स-कूनने चार सुवर्णपदकं जिंकली तीही इथेच. आपल्या खाशाबा जाधवांची कुस्ती मात्र दुसरीकडे, एम्प्रेस हॉलमध्ये झाली. ते सहावे आले. तो हॉलही आता नाही.

धाकट्या आजोबांना यातलं काही नको असायचं. ते थेट 12 ऑगस्टवर यायचे. भारताची हॉकीची अंतिम लढत, समोर ब्रिटन, मैदान पावसाने भिजलेलं. “चिकलात बूट रुतूक लागले, तसे काढून फेकल्यानी. मगे गोऱ्यांची काय बिशाद!” किशनलाल आणि बाबू उत्तरार्धात अनवाणी खेळले, असं जुने लोकही सांगतात. निकाल 4-0; बलबीर सिंगचे दोन गोल. स्वातंत्र्याला वर्ष व्हायला तीन दिवस बाकी. गोलात मुंबईचा लिओ पिंटो, शिवाय वाझ आणि फर्नांडिस. ही नावं घेताना आजोबांचा आवाज चढायचा, कारण अशा नावांची माणसं आमच्या वाडीपलीकडेच राहायची. स्वतः ते त्या दिवशी तिथे होते का? विचारलं की एकदा “होतंय तर” म्हणायचे, एकदा बोट एडनला होती म्हणायचे.

सट्ट्याचा मान किती होता, हे 1966 ला दिसलं. विश्वचषकातला उरुग्वे-फ्रान्स सामना ज्या शुक्रवारी होता, त्या दिवशी वेम्बलीत कुत्र्यांची शर्यत ठरलेली होती. शर्यत हलवायला मालकांनी नकार दिला. सामना गेला व्हाइट सिटी स्टेडियमवर. पुढे 1985 मध्ये तेही पाडलं.

वेम्बलीतली कुत्र्यांची शर्यत 1998 मध्ये थांबली. शेवटचा फुटबॉल सामना 7 ऑक्टोबर 2000 ला झाला, त्यात इंग्लंड जर्मनीकडून हरलं. 2003 च्या सुरुवातीला स्टेडियमचे प्रसिद्ध जुळे मनोरेही पाडले. त्याच जागी 2007 मध्ये नवं स्टेडियम उघडलं, वर 133 मीटर उंच कमान. झकास आहे, पण कुत्र्यांना तिथे जागा नाही.

जुन्या स्टेडियमचा ढिगारा फुकट गेला नाही. पश्चिम लंडनमध्ये नॉर्थोल्टजवळ, ए-40 रस्त्याच्या कडेला, त्याच्या राडारोड्यातून नॉर्थाला फील्ड्स या बागेतल्या चार टेकड्या उभ्या केल्या. मुलाबाळांकडे लंडनला गेलात तर कमानीचं तिकीट काढण्याआधी या टेकड्यांवर चढून या. तिथे पैसे पडत नाहीत.