इलिये-कोंब्रे
१२. इलिये-कोंब्रे : फ्रान्समधील शार्त्र शहराच्या नैर्ऋत्येला सुमारे २५ किलोमीटरवर, बोसच्या गव्हाच्या मैदानाच्या कडेला वसलेले छोटे गाव. इथली ल्वार नदी लहान आहे. त्याच उच्चाराची प्रसिद्ध मोठी नदी वेगळी. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त (१८७१–१९२२) यांच्या वडिलांचे हे जन्मगाव. लहानपणी सुटीत मार्सेल इथे आत्याकडे येत. तिचे घर आज संग्रहालय आहे. ‘कोंब्रे’ हे प्रूस्त यांच्या कादंबरीतले या गावाचे कल्पित नाव लेखकाच्या जन्मशताब्दीला, १९७१ साली, मूळ ‘इलिये’ला अधिकृतपणे जोडले गेले. कादंबरीच्या अखेरच्या खंडात कोंब्रे पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर येते. खरे इलिये त्या आघाडीपासून दूर होते. म्हणून वाचकाने दोन्ही गावे सर्वस्वी एक मानू नयेत. – संपादक