राखेवरची वेल्श मिरास

ज्वालामुखीच्या राखेवर सर्वांआधी मूळ धरणारी जपानी नॉटवीड ही वनस्पती युरोपात आली ती शोभेची म्हणून. नागासाकीच्या देजिमा बेटावर डच सरकारच्या चाकरीत राहिलेल्या फिलिप फ्रान्स फॉन सीबोल्ट या जर्मन वैद्याने ती लायडनला नेली; १८४७ साली उत्रेख्तच्या उद्यानविद्या मंडळाने तिला सुवर्णपदक अर्पण केले, आणि १८५० मध्ये ती लंडनच्या क्यू उद्यानात दाखल झाली. तेथून रोपवाटिकांच्या मार्फत ती सधन गृहस्थांच्या बागांत गेली.

१८८६ मध्ये मात्र दक्षिण वेल्समधील मायस्टेग या कोळसा-लोखंडाच्या गावाजवळ ती राखेच्या ढिगांवर मोकाट माजलेली आढळली. मायदेशीची दग्ध भूमीच तिला तेथे पुन्हा लाभली, असे मला वाटते. ब्रिटनमध्ये तिचे केवळ मादी झाड पसरलेले असल्याने बीजाचा आधार तिला जवळजवळ नाहीच. पण मूलक्षोडाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा मातीबरोबर गेला की नवे बेट उभे राहते, आणि रेल्वेचे भराव व बांधकामाची माती यांनी ही वाहतूक फुकट केली.

१९८१ च्या कायद्याने तिला रानात लावणे गुन्हा ठरले, तथापि घरमालकाची खरी तारांबळ उडविली ती कर्ज देणाऱ्या पेढ्यांनी. घरापासून सात मीटरांच्या आत ती दिसली की तारण नाकारले जाऊ लागले. मिळकत विकणाऱ्याने भरावयाच्या छापील जबानीत २०१३ पासून तिच्याविषयी स्वतंत्र प्रश्न आला, आणि तेथे खोटे उत्तर देणारा पुढे खरेदीदाराच्या दाव्यात सापडू लागला. वस्तुतः इतर झाडाझुडपांहून ती इमारतीस अधिक अपाय करते असे आढळत नाही, असा निष्कर्ष २०१८ मध्ये लीड्स विद्यापीठातील संशोधकांनी काढला, आणि २०२२ मध्ये मूल्यमापकांच्या संस्थेने सात मीटरांची ती मर्यादा मोडीत काढली. परंतु एकदा बसलेली दहशत परिपत्रकाने उठत नाही.

गंमत अशी की, या विषयातला महत्त्वाचा कज्जाही मायस्टेगचाच. रेल्वेच्या जागेतून मूलक्षोड आपल्या बंगल्यांकडे आल्याची फिर्याद दोघा शेजाऱ्यांनी केली, आणि २०१८ मध्ये अपील न्यायालयाने निवाडा दिला की, केवळ किंमत उतरली एवढ्यावर भरपाई मागता येत नाही. मात्र मूलक्षोड हद्दीत शिरले की, भिंतीला तडा गेलेला नसला तरी, जमिनीच्या निर्वेध उपभोगास बाध येतो आणि मालकाचा दावा तेवढ्यावर उभा राहतो.