वल्ली, अवलिया की ध्यान?

आयडाहो राज्यातल्या प्रेस्टन गावचा नेपोलियन डायनामाइट मराठीत कोण ठरेल? जॅरेड हेसच्या २००४ सालच्या त्या विनोदी चित्रपटावर जीव टाकणारी मराठी मंडळीही आहेत. मात्र त्यातल्या नायकाला काय म्हणावे, यावर त्यांचे एकमत होणे अवघड दिसते. शब्द आपल्याकडे उदंड आहेत, आणि त्यांची कुळे नायकापेक्षा कमी विचित्र नाहीत.

'अवलिया' घ्या. अरबी व-ल-य या धातूचा मूळ अर्थ 'निकट असणे'. त्यावरून 'वली' म्हणजे ईश्वराच्या निकटचा, त्याचा सखा, आणि त्याचे अनेकवचन 'औलिया'. दिल्लीचे निजामुद्दीन औलिया एकटेच, पण नाव अनेकवचनी. तेव्हा आदरापोटी हे अनेकवचन एकाच व्यक्तीला लावण्याची रीत जुनी असावी. असे शब्द एकवचनात राबवायला मराठीला काहीच वाटत नाही. 'उमराव' हे 'अमीर'चे अनेकवचन, 'अवलाद' हे 'वलद'चे. 'असामी' तर 'इस्म' म्हणजे नाव, त्याच्या अनेकवचनाचे पुन्हा अनेकवचन! पुलंचा 'असा मी असामी' एकटाच बोलतो, पण त्याच्या पोटात नावांची अख्खी यादी दडलेली आहे. 'त्याला कुणी वाली नाही' यातला वाली व-ल-य याच घराण्यातला, आणि विलायतही. ती विलायत 'बिलायती'च्या वाटेने गोऱ्या शिपायांच्या तोंडी 'ब्लायटी' होऊन मायदेशी पोचली, हे जाता जाता.

'वल्ली' मात्र सहज हाती लागत नाही. संस्कृत वल्ली म्हणजे वेल. तैत्तिरीय उपनिषदाचे भागही वल्ल्याच. पण 'मोठी वल्ली आहे' म्हणताना वेल कोणाच्या मनात नसते. हा शब्द 'वली'वरूनच आलेला असावा. अडचण दोन ठिकाणी येते. एक, 'ल'चे द्वित्व. अक्ल-नक्लची अक्कल-नक्कल झाली खरी, पण तिथे जोडाक्षर फोडायचे होते. 'वली'त तसे काही नाही. दुसरी अडचण लिंगाची: वली पुल्लिंगी, वल्ली स्त्रीलिंगी. अरबी साधूने संस्कृत वेलीचा वेश घेतलेला दिसतो. पुलंनी १९६२ साली 'व्यक्ती आणि वल्ली' अशी जोडी लावल्यावर तर तो वेश अंगावर पक्काच बसला.

नग आणि चक्रम यांच्यापाशी फार थांबायला नको. मोजणीतला जिन्नस माणसाला चिकटला तो नग, आणि चक्रमात चक्र फिरलेले उघड दिसते. 'विक्षिप्त'ची मात्र आपण उगाच बदनामी केली आहे. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच भूमी येतात: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र, निरुद्ध. म्हणजे विक्षिप्त हा मूढाच्या एक पायरी वर आणि एकाग्रतेच्या उंबरठ्यावर!

आता नेपोलियन. बसच्या मागच्या बाकावर बसून दोरीला बांधलेले खेळणे खिडकीबाहेर सोडणारा आणि ते रस्त्यावरून फरफटत नेणारा. तळलेल्या बटाट्यांचे तुकडे पँटच्या खिशात साठवून वर्गात खाणारा. कुरळ्या केसांचे टोपले, अर्धवट उघडे तोंड, जाडजूड मूनबूट. वल्लीला आपल्याभोवती मैफल जमते याची जाणीव असते. अवलियाला जगाची पर्वा नसते. नेपोलियनला पर्वा आहे आणि जाणीव अजिबात नाही. त्याला पाहताच आपली आजी एकच शब्द उच्चारील: 'ध्यान!'

हा शब्द 'ध्यै' म्हणजे चिंतणे या धातूचा. तो पालीत 'झान', चीनमध्ये 'छान', जपानात 'झेन' झाला. आपल्याकडे पूजेच्या किंवा स्तोत्राच्या आरंभी देवतेचे रूप वर्णन करणारा श्लोक म्हणजे 'ध्यान'. चिंतनाकडून चिंतायच्या रूपाकडे शब्द इथे वळला असावा. तुकोबांनी विटेवरच्या विठ्ठलाच्या रूपाला हाच शब्द वापरला. पुढे कुणीतरी गबाळ्या पोराकडे बघून तो उपरोधाने उच्चारला असेल आणि उपरोधच रूढ झाला. एका टोकाला झेन, दुसऱ्या टोकाला बावळट ध्यान!

या चित्रपटाची गोडी मला तरी याच शब्दात सापडते. चार लाख डॉलरांत झालेल्या या चित्रपटात कथानक बेताचे. त्यात डोळ्यांसमोर ठेवावे असे एक रूप आहे. ज्यांना त्याकडे नुसते बघत राहता येते त्यांना चित्रपट अतोनात आवडतो, बाकीचे वैतागून उठतात. कोणाला काय आवडेल याचे गणित बसवण्यासाठी नेटफ्लिक्सने दहा लाख डॉलरांची स्पर्धा ठेवली, तेव्हा संगणकवाल्यांना याच चित्रपटाने छळले. अशा चित्रपटांना लावला जाणारा 'कल्ट' हा शब्दही लॅटिनमध्ये नांगरणे, जोपासणे, पूजणे अशा अर्थांच्या धातूवरून आलेला. पंथ आला की ध्यान आलेच. मित्राच्या निवडणुकीसाठी नेपोलियन रंगमंचावर एकटा नाचतो तेव्हा तो आता वल्ली होणार असे वाटते. पण टाळ्या घ्यायला तो थांबत नाही, आत पळून जातो. तेव्हा माझे मत ध्यानालाच, आणि तेही नपुंसकलिंगी. वऱ्हाडात, कोकणात, गोव्यात अशा पोराला आणखी काही म्हणत असतील, तर वाचकांनी जरूर कळवावे.