माहूरचा किल्ला : गड जागेवर, सरहद्द फिरती

माहूरला येणारे भाविक रेणुकामाता आणि दत्तशिखराचे दर्शन घेऊन परततात. शेजारच्या रामगडावर मात्र थोडेच चढतात. पैनगंगेच्या खोऱ्यावर नजर ठेवणारा हा किल्ला एकेकाळी अर्ध्या वऱ्हाडाचे ठाणे होता, हे नांदेड जिल्ह्यातही फारसे कोणी सांगत नाही. याचे कारण सरहद्दीच्या इतिहासात आहे.

महमूद गावानने बहमनी राज्याच्या चार तरफांच्या आठ केल्या, तेव्हा वऱ्हाडचे गाविल आणि माहूर असे दोन भाग झाले. पुढे इमादशाही, निजामशाही आणि मोगल आले. अकबराच्या आईन-ए-अकबरीतही माहूर हे वऱ्हाड सुभ्यातलेच एक सरकार आहे. बापाविरुद्ध बंड करून १६२३ मध्ये गोवळकोंड्याकडे निघालेल्या शहाजादा खुर्रमने, म्हणजे पुढच्या शहाजहानने, आपले जड सामान माहूरच्याच किल्ल्यात उदारामाच्या हवाली केले. याच उदारामाच्या घराण्यातली रायबागन १६६१ च्या उंबरखिंडीत कारतलबखानाबरोबर होती. शिवचरित्रात ती तेवढ्यापुरतीच येते आणि तिच्यामागचे माहूर नजरेआड राहते.

खरा बदल १८५३ मध्ये झाला. निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिले आणि पैनगंगा ही हद्द ठरली. वऱ्हाडचे हे जुने ठाणे नदीच्या अलीकडे, निजामाच्या मुलखात उरले. पुढे हा भाग किनवट तालुक्याबरोबर आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट नांदेड जिल्ह्याला जोडले गेले. माहूरचा स्वतंत्र तालुका त्यानंतरचा.

इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवर ट्वीड नदीकाठच्या बेरिक किल्ल्याचेही असेच झाले. तो अनेकदा या हातून त्या हाती गेला आणि १४८२ नंतर इंग्रजांकडे राहिला. एकोणिसाव्या शतकात तिथे रेल्वे आली आणि १२९२ मध्ये स्कॉटलंडच्या गादीचा निवाडा जिथे झाला, त्या दालनाच्या जागी स्टेशन उभे राहिले. तरी त्याचा इतिहास दोन्ही देशांनी लिहून ठेवला.

माहूरच्या वाट्याला ते आले नाही. वऱ्हाडचा इतिहास लिहिणारा पैनगंगेपाशी थांबतो, मराठवाड्याचा लिहिणारा औरंगाबाद-दौलताबादकडे पाहतो आणि आदिलाबादचा संबंध तर १९५६ लाच सुटला. म्हणून माहूरचा शोध घेणाऱ्याने आजच्या जिल्ह्याच्या नकाशावर विसंबू नये. फारसी तवारिखा, वऱ्हाडचे दप्तर आणि हैदराबादचे कागद एकत्र वाचावेत. हत्ती दरवाजा आणि चिनी महाल ढासळण्याआधी एवढे काम या भागातल्या तरुण अभ्यासकांनी हाती घ्यायला हवे.