१४५ रुपये बाकी देणे

वडील गेले तेव्हा त्यांच्या लोखंडी पेटीत भाडेपावत्यांचा एक गठ्ठा निघाला. महिन्याला एक याप्रमाणे १९७१ ते १९८६ या पंधरा वर्षांच्या पावत्या, सुतळीने बांधलेल्या. पहिल्या पावतीवर ‘अनामत रु. ३०० मिळाले’ असा शेरा आहे. शेवटची पावती नोव्हेंबर १९८६ ची. मध्ये एकही महिना चुकलेला नाही. त्या गठ्ठ्यात नव्हता तो एकच कागद : खोल्या रिकाम्या करून ताबा दिल्याचा आणि हिशेब मिटल्याचा.

आम्ही दर्यापूरला, बनोसा स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, एका वाड्यातल्या दोन खोल्यांत राहत होतो. मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतला गाडी जायची तेव्हा मांडणीवरची भांडी वाजत. वडील एका जिनात दिवाणजी होते. १९८६ च्या दिवाळीनंतर आमचे स्वतःचे टिनाचे घर उभे राहिले. वीस नोव्हेंबरला वडिलांनी मालकांना तोंडी सांगितले आणि तीस तारखेला बैलगाडीत सामान भरले. किल्ली देताना त्यांनी अनामत मागितली. मी सोळा वर्षांचा होतो, शेजारी उभा होतो.

“दिवाणजी, ते तीनशे विसरा आता. फरशी कोनं फोडली?”

“भाऊसाहेब, पंधरा वर्सं रायलो. कायी तं धरा.”

एवढेच बोलणे झाले. वडिलांनी न्हाणीवर स्वखर्चाने घातलेली चार टिने तशीच राहिली. त्यानंतर वडील त्या गल्लीने कधी गेले नाहीत. “मालकानं आपले तीनशे खाल्ले,” हे वाक्य आमच्या घरात एखाद्या नातेवाइकासारखे राहायला आले आणि वडिलांच्या शेवटापर्यंत राहिले.

पुढे जुने कागद गोळा करण्याचा नाद लागला. कायद्याचे शिक्षण नाही. जे वाचले ते वाचनालयात बसून. पण एक प्रश्न सुटत नव्हता. भाडेकरूच्या बाजूचा म्हणून ज्या कायद्याची ख्याती, त्या कायद्याच्या काळात पंधरा वर्षे नियमित भाडे भरणारा माणूस आपल्या अनामतीसाठी कुठेच का जाऊ शकला नाही?

•

भाड्याचा करार संपताना काय होते, हे वऱ्हाडाला तसे नवे नाही. आपला प्रांतच जवळजवळ शंभर वर्षे दुसऱ्याच्या ताब्यात राहिलेली मालमत्ता होता. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. कारण होते हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची थकबाकी. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची. दिवाण सालारजंग यांनी १८७० नंतरच्या दशकात वऱ्हाड परत मिळवण्यासाठी खूप खटपट केली. ती फळाला आली नाही. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडून कायमचा पट्टाच लिहून घेतला. भाडे ठरले वर्षाला २५ लाख रुपये. पुढच्याच वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले.

१९२३ मध्ये पुढचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी ‘आमचे वऱ्हाड परत द्या’ अशी लेखी मागणी केली. व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी १९२६ मध्ये ती धुडकावली. १९३६ च्या करारात निजामाचे सार्वभौमत्व कागदोपत्री मान्य झाले, युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला, २५ लाख चालू राहिले, ताबा मात्र हलला नाही. १९४७ मध्ये भाडेकरू आपण होऊन देश सोडून गेला. तरी जागा मालकाच्या हाती परत आली नाही. ज्याच्याकडे वहिवाट होती त्या भारत सरकारकडेच ती राहिली.

राजकारणाचे न्याय वेगळे असतात. वऱ्हाड भारतातच राहिले हे चांगलेच झाले. तरी या कथेतली एक गोष्ट दोन खोल्यांच्या भाड्यालाही लागू पडते. मालकी कोणाची यावर कधी वाद नव्हता. भांडण होते ते करार संपवायचा अधिकार कोणाचा आणि संपल्यावर काय परत करायचे, यावर. कागदात नेमके तेच लिहिलेले नव्हते.

•

आता घरांकडे येऊ. घरभाड्यावर सरकारने हात ठेवला तो युद्धांमुळे. पहिल्या महायुद्धात ग्लासगोच्या भाडेकरूंनी भाडेबंदी पुकारली आणि १९१५ मध्ये ब्रिटनला भाडेवाढ रोखणारा कायदा करावा लागला. मुंबईत तसा कायदा १९१८ मध्ये आला. दुसऱ्या महायुद्धाने घरांची टंचाई गावोगावी नेली. त्यात फाळणी झाली आणि निर्वासित कुटुंबे आली. अकोल्यातला सिंधी कॅम्प आजही त्या दिवसांची खूण सांगतो. १९४६ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाड सरकारने जागा भाड्याने देण्याचे नियमन करणारा कायदा केला आणि त्याखाली १९४९ चा घरे भाड्याने देण्याचा व भाडे नियंत्रणाचा आदेश निघाला. वकिलांच्या तोंडी तो ‘रेंट कंट्रोल ऑर्डर’. विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, पण हा आदेश बदलला नाही. पश्चिम महाराष्ट्राला १९४७ चा मुंबईचा कायदा, मराठवाड्याला १९५४ चा हैदराबादचा, विदर्भाला १९४९ चा आदेश. एका राज्यात भाडेकरूंचे तीन देश होते.

या आदेशाचा कणा म्हणजे त्याचे तेरावे कलम. ज्या गावांना आदेश लागू होता तिथे भाडे नियंत्रकाच्या लेखी परवानगीवाचून मालकाला भाडेपट्टा संपवण्याची नोटीसही देता येत नव्हती. परवानगीची कारणे ठरलेली : भाडे थकणे, परस्पर पोटभाडेकरू ठेवणे, उपद्रव करणे, मालकाला स्वतःला जागेची खरी गरज असणे, मोठी दुरुस्ती काढणे वगैरे. परवानगी मिळाली तरी माणूस घराबाहेर निघत नसे. त्यानंतर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ प्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस, मग दिवाणी न्यायालयात दावा, मग अपिले. म्हणजे मालकाला दोन दारे ओलांडावी लागत आणि दोन्ही दारांवर वर्षे जात. नोटिशीची मुदत भाड्याच्या महिन्याच्या अखेरीस संपली नाही म्हणून मालक हरल्याच्या गोष्टी जुन्या वकिलांकडून ऐकायला मिळत. २००२ च्या दुरुस्तीने तो काच सैल केला.

हा आदेश पुन्हा पुन्हा वाचला तेव्हा माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. मालकाने भाडेकरूला काढायचे असेल तर आदेशात पानेच्या पाने आहेत. भाडेकरू स्वतः निघाला तर काय? तर एवढेच, की जागा रिकामी होत असल्याची खबर मालकाने सात दिवसांत डेप्युटी कमिशनरला द्यावी, म्हणजे ती सरकारी नोकराला, निर्वासिताला किंवा घरातून काढलेल्याला देता येईल. सरकारला रिकामी खोली हवी होती. ती सोडणाऱ्याचा हिशेब मिटला की नाही, ही सरकारची काळजी नव्हती. राहणाऱ्याला संरक्षण होते, निघणाऱ्याला नव्हते.

निघणाऱ्याचा सगळा भार पडला तो १८८२ च्या कायद्यावर. त्याचे कलम १०८ मी वडिलांच्या पावत्या शेजारी ठेवून वाचले. भाडेकरूने जागा घेतली तशी परत द्यावी. मात्र वापराने होणारी वाजवी झीज त्याच्या माथी नाही. स्वतः बसवलेल्या वस्तू ताबा असेपर्यंत काढून नेता येतात, पण जागा पूर्ववत करून. आणि कलम १०६ ची पंधरा दिवसांची लेखी नोटीस केवळ मालकाने द्यायची नाही, महिन्याच्या भाडेकरूनेही द्यायची आहे.

त्या दिवशी वडिलांची बाजू पहिल्यांदा डळमळली. त्यांनी वीस तारखेला, तेही तोंडी सांगितले होते. डिसेंबरचे भाडे मागण्याचा हक्क मालकाला होता. टिनांवर आमचा हक्क होता, पण किल्ली हाती असेपर्यंतच. किल्ली आधी दिली आणि वाद नंतर घातला.

राहिली फरशी. ती झिजून फुटली नव्हती. एका पावसाळ्यात अंगणात चिखल होता म्हणून मी घरातल्या शहाबादीवर लाकडे फोडली होती. दोन फरश्यांना भेगा गेल्या. आईने वर पोते अंथरले. वडिलांना ते माहीत नव्हते. त्या सायंकाळी मी शेजारी उभा असून बोललो नाही.

•

मालकाचीही बाजू होती. पंधरा वर्षांत आमचे भाडे ४५ रुपयांवरून हलले नाही. या पैशांत कवेलू फेरणेही जमत नसे. म्हणून मालक दुरुस्ती करीत नसे, भाडेकरू जागा सोडत नसे, आणि दोघांतला संशय भिंतीतल्या ओलीसारखा चढत जाई. मुंबईत त्याने पागडीचे रूप घेतले. १९४७ च्या कायद्याने पागडी घेणे गुन्हा ठरवले, तरी ती बिनपावतीची चालत राहिली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई कायद्यातली गोठवलेली भाडी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे सांगितले.

त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून तिन्ही देश एक झाले. भाडे नियंत्रकाचे दार गेले, दावे थेट न्यायालयात गेले, वर्षाला चार टक्के वाढ कायदेशीर झाली. कलम ५५ ने करार लेखी आणि नोंदणीकृत हवा असे सांगितले. नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आणि ती न केल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरण्याची तरतूद केली. ‘अकरा महिन्यांचा करार आहे, नोंदणी लागत नाही’ हा समज आजही घरोघरी आहे. महाराष्ट्रात तो चुकीचा आहे.

पण तराजू आता दुसरीकडे झुकला. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली आणि माणूस राहिला तर त्याला दुप्पट शुल्क भरावे लागते आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडून त्याला लवकर काढता येते. डिपॉझिट मात्र किती असावे आणि किती दिवसांत परत करावे, याची मर्यादा या कायद्यातही नाही. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडे कायद्याच्या नमुन्यात ती आहे : राहत्या घराला जास्तीत जास्त दोन महिन्यांचे भाडे, आणि वाजवी कपात करून ताबा घेतानाच परतफेड. मात्र नमुना तो नमुनाच. राज्याने स्वीकारला तरच लागू.

माझ्या मुलीने अमरावतीची खोली सोडली तेव्हा मी आजोबांच्या चुका तिच्याकडून होऊ दिल्या नाहीत. महिनाभर आधी लेखी नोटीस आणि तिची पोच. मीटरच्या आकड्यासकट प्रत्येक भिंतीचा फोटो, राहायला जाताना आणि सोडताना. कपातीची यादी लेखी मागितली. आणि ताबा पावती : अमुक तारखेला किल्ली मिळाली, डिपॉझिटपैकी इतके परत, इतके कापले, कारण हे, खाली दोघांच्या सह्या. मालकीणबाईंनी रंगाचे पैसे कापले. थोडी घासाघीस झाली. मग चहा झाला.

•

काही वर्षांपूर्वी बनोश्याचा तो वाडा पाडला. मालकांच्या नातवाला माझा नाद ठाऊक होता. “काका, आजोबाच्या वह्या हायेत, घेऊन जा, नायतर रद्दीत जातीन,” असा त्याचा फोन आला. दोन पोती मिळाली. लाल कापडाच्या वह्या, रोजमेळ आणि खतावणी. १९८६ ची खतावणी हाती लागायला आठ दिवस गेले.

‘दिवाणजी, खोली नं. २’ या खात्यावर डिसेंबरात शेवटची नोंद आहे. अनामत जमा ३००. वजा भाडे एक महिना ४५. वजा फरशी दोन नग व मजुरी ११०. आणि त्याखाली, ठसठशीत अक्षरात : बाकी देणे १४५.

टिनांचा उल्लेख नाही. पैसे दिल्याचीही नोंद नाही. पुढच्या वर्षीच्या वहीत ती रक्कम ओढून आणली आहे, त्याच्या पुढच्याही. त्यानंतरच्या वह्यांत तिचा पत्ता नाही.

म्हणजे मालकाने तीनशे खाल्ले नव्हते. १४५ ठेवून घेतले होते, आणि तेही देणे म्हणून लिहून. वडील मागायला गेले नाहीत, मालक द्यायला आले नाहीत. एवढ्या रकमेसाठी दिवाणी दावा करायचा तर वकिलाची फीच तिच्याहून जास्त झाली असती. दोघांना समोरासमोर बसवून ही वजाबाकी वाचून दाखवील असे ठिकाण तेव्हा दर्यापुरात नव्हते.

आता ती खतावणी वडिलांच्या पावत्यांच्या गठ्ठ्याशेजारी, त्याच लोखंडी पेटीत ठेवली आहे. नातवाला मी ती नोंद दाखवली. त्याने पाकीट काढले. मी त्याचा हात धरला आणि त्याला फरशीची गोष्ट सांगितली.