लोणावळ्याचा महसीर कावेरीत गेला तेव्हा

ब्रूक ट्राउट हा उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातील गार ओढ्यांचा मासा. पाणी जितके थंड, तितका त्यात प्राणवायू अधिक विरघळतो: ०° सेल्सिअसला लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम, तर ३०° ला केवळ ७.६. उष्ण पाण्यात हा मासा म्हणूनच तगत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गळाच्या हौसेपायी तो पश्चिमेकडील पर्वतीय ओढ्यांत सोडला गेला आणि तेथील मूळच्या कटथ्रोट ट्राउटला त्याने अनेक ठिकाणी हुसकावून लावले.

असाच एक इतिहास दख्खनमध्येही घडला. येथे गळाच्या शौकिनांचा मानाचा मासा म्हणजे महसीर. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनी महसीरचे शास्त्रीय वर्णन केले, तेव्हा त्याचे स्थानिक नाव ‘खुद्री’ हेच जातीला दिले. पुढे धरणे आणि बेसुमार मासेमारी यांमुळे तो विरळ झाला. १९७० च्या सुमारास मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी लोणावळ्यात त्याचे कृत्रिम प्रजनन साधले. टाटांच्या तेथील केंद्रात वाढलेली पिल्ले अनेक राज्यांत गेली; कर्नाटकात ती कावेरीतही सोडण्यात आली.

कावेरीत मात्र स्वतःचा महसीर होता: पाठीवर उंचवटा असलेला आणि ५० किलोंहून अधिक वाढणारा. त्याचे काय झाले, हे गळवाल्यांच्या नोंदींतून उमगले. गलिबोरे येथे पकडलेला प्रत्येक मासा नोंदवून पुन्हा पाण्यात सोडला जाई. १९९८ ते २०१२ या काळातील त्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. खुद्रीची संख्या वाढत होती. मूळचा महसीर घटत होता, पण सापडणाऱ्या माशांचे सरासरी वजन वाढत होते. वरवर शुभ वाटणाऱ्या या वाढीचा अर्थ भयंकर होता: म्हातारे मासे उरले होते, नवी पिढी येतच नव्हती.

शतकाहून अधिक काळ ख्यातनाम असलेल्या या माशाची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवी’ म्हणून निश्चित झाली ती २०१८ मध्ये, आणि त्याच वर्षी त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली. धरणे, वाळूउपसा, सुरुंगाने केलेली मासेमारी हीही कारणे आहेतच. तरीही लोणावळ्याचा प्रयोग फसला असे म्हणता येत नाही. खुद्रीचे प्रजनन यशस्वीच झाले होते. चूक झाली ती सोडण्याची नदी निवडताना. तेथे आधीपासून कोण राहते, हा प्रश्न पिल्ले सोडण्यापूर्वी विचारला गेला नाही.